दाराबाहेरचा बूट

सोमवार, १२ मे २०२५. बुद्धपौर्णिमा. नळाला पाणी उशिरा आलं. सिलेंडर बदलला. दुपारी वरच्या ललिता रणपिसे विहारात जायला निघाल्या आणि आमच्या दारापर्यंत पोचल्या.

एवढं लिहून वही मिटत होते, पण ललिताताईंचं एका ओळीत भागत नाही.

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर, अगदी माझ्या डोक्यावर राहतात. लिफ्ट नाही. आयुष्य महापालिकेच्या शाळेत उभं राहून शिकवण्यात गेलं. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढला. निवृत्तीनंतर दर रविवारी विहारात मुलांना वंदना शिकवायच्या. तिथे चालत जाता यावं, एवढ्यासाठी जानेवारीत ऑपरेशन करून घेतलं.

डॉक्टरांनी कडक तळव्याचा बूट दिला. पाऊल टेकायचं ते बुटातच, असं बजावलं. ताईंनी तो नेमाने वापरला, पण घराबाहेर. ओट्यापाशी आणि बुद्धमूर्तीसमोर पायात बूट? घरभर अनवाणीच हिंडल्या. हाड वाकडं जुळलं. आता पायरी उतरताना कळ गुडघ्यापर्यंत जाते. शनिवारी डॉक्टर म्हणाले, पुन्हा कापावं लागेल, तरी खात्री नाही.

"पहिल्या वेळी तरी कुठे दिली होतीत?" ताईंनी विचारलं म्हणे.

आज मुलगी दीक्षा विहारात गेल्यावर त्या पांढरी साडी नेसून एकट्याच निघाल्या. मी दार उघडलं, तर दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या. खाली जाववेना, वर चढवेना.

"आत या."

त्या वाकून बुटाचा पट्टा सोडू लागल्या.

"अहो, राहू द्या पायात!"

"काकू, पायताण घालून तुमच्या घरात येऊ?"

"पायताण कसलं, औषध आहे ते."

"औषधाला जिन्यातली माती लागत नाही."

बूट दाराबाहेर राहिला. त्या खिडकीशी बसल्या. खाली रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यांतली माणसं मुलांना हाताशी धरून चालली होती.

"माझ्या रविवारच्या मुलांतल्या चैतालीला पंचशीलातलं चौथं शील अजून पाठ नाही," त्या म्हणाल्या. "मध्येच अडली तर कोण सांगणार?"

मी चहा ठेवला.

"काकू, पुन्हा कापून घेऊ?"

"घरात बूट घालणार असाल तर घ्या."

त्या माझ्या पुसलेल्या फरशीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

दीक्षा खिरीचा डबा घेऊन आली. "मम्मी, सीरियसली? याला रेस्ट म्हणतात?"

"तू ओरड, पण हळू. शेजारी आहेत."

"शेजाऱ्यांच्याच घरात बसलीयेस!"

आईला धरून तिने एकेक पायरी वर नेलं. चैताली अडली का, हे मात्र ताईंनी जिन्यातसुद्धा विचारलं नाही. वरचं दार लागल्याचा आवाज आला. बूट आमच्या दाराबाहेरच राहिला होता.

मग वही पुन्हा उघडून खाली लिहिलं: ललिताताईंचा उजवा बूट आमच्या चपलांच्या स्टँडवर, वरच्या खणात ठेवला आहे.