नेरूरकर, पाटील आणि बुचाची बाटली

आमचे सासरे, नाना नेरूरकर, ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ऑकलंडला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला: लग्नाला चार वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी थेट एक वाक्य बोललेला नाही. "मंजू, त्यांना विचार, चहा घेणार का?" त्यांना म्हणजे मला, जावई पाटलाला. मी समोरच्याच खुर्चीत! कारण एकच. नाना हौशी ज्योतिषी, आणि आमच्या पत्रिकेत छत्तीसपैकी साडेअकरा गुण जुळले होते. तरी आम्ही लग्न केलं. (तो अर्धा गुण कशाचा, हे मी अजून शोधतोय.) भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त मधे माझी बायको मंजिरी दुभाषी. माणसानं सासऱ्याशी भांडावं तरी!

त्याच सुमारास मी इथं अल्बनी उपनगरात 'रोजच्या फ्रेंच वाइन' नावाचा संध्याकाळचा क्लास केला होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर मला तेव्हा बघायला हवं होतं. पाण्याचा ग्लासही गोल फिरवून हुंगायचो. मंजिरी म्हणाली, "अरे, नळाचं आहे ते."

तर बेत असा: साउथ आयलंडवर आकरोआ नावाचं फ्रेंचांनी वसवलेलं गाव आहे, तिथं कॉटेज घ्यायचं, ताजा मासा तळायचा आणि त्याच्याशी नेमकी वाइन जुळवून दाखवायची. नाना मूळचे कोकणातले. माशापुढे विरघळतील, आणि ही जोडी जमली की आमची जोडीही त्यांना पटेल, असा माझा बाळबोध हिशेब.

ऑकलंडहून क्राइस्टचर्चला विमान, तिथून भाड्याची गाडी. पुढे दीड तास धरा. लिटल रिव्हरला पेट्रोल भरून घ्या आणि पाय मोकळे करा, कारण नंतर चढ आणि वळणं आहेत. नाना माझ्या शेजारी मांडीवर नकाशा घेऊन बसले होते. वळण आलं की मागे मान वळवून म्हणायचे, "मंजू, त्यांना सांग, डावीकडे." मंजिरी म्हणायची, "अरे, डावीकडे." तोवर वळण गेलेलं असायचं. दोनदा आम्ही मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आलो.

वाटेत मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, "न्यूझीलंडच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव असतं. सोव्हिन्यों, पिनो. इथं बॉसलाही नावानंच हाक मारतात ना, तसं. फ्रेंच बाटलीवर गावाचं किंवा मुलखाचं नाव. बोझोले म्हटलं की गामे द्राक्ष आपण समजून घ्यायचं. कोत द्यु रोन म्हटलं की ग्रनाश आणि सिरा."

नानांनी नकाशाची घडी घातली. मग मागे वळून म्हणाले, "मंजू, हे म्हणजे आपलं 'कर' झालं गं. नेरूरकर, वेंगुर्लेकर. गाव सांगितलं की माणूस कसा ते कळलंच!"

मी स्टीअरिंगवर थाप मारली. क्लासमध्ये मला जे समजायला अख्खे दोन तास लागले होते, ते नानांनी एका वळणात सांगितलं. पण पुढचं वाक्यही त्यांचंच होतं: "त्यांना विचार, पाटील कुठल्या गावचे म्हणायचे? तो तर नुसता हुद्दा."

चढ संपला की खाली अख्खं आकरोआचं बंदर दिसतं. तिथं गाडी थांबवाच. गावात रस्त्यांना 'र्‍यू' म्हणतात, दुकानांवर फ्रेंच झेंडे, आणि फिश अँड चिप्स मात्र अस्सल किवी. खरं म्हणजे फ्रेंच मंडळी बोटीनं इथं पोचली तोवर इंग्रजांनी आपला झेंडा लावून टाकला होता. उशिरा पोचणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून माया आहे.

कॉटेज साधं, स्वयंपाकघरासकट, रात्रीचं भाडं मोटेलइतकंच. रविवारची संध्याकाळ, थंडीचे दिवस. धक्क्याजवळ ब्लू कॉड मिळाला. नानांनी स्वतः त्याला ठाण्याहून आणलेला मालवणी मसाला चोळला (विमानतळावर रीतसर डिक्लेअर केलेला, घाबरू नका), रव्यात घोळवला आणि तव्यावर सोडला. वास असा सुटला की शेजारचं मांजर येऊन उंबऱ्यात बसलं.

मी बाटल्या ओळीनं मांडल्या. "माशाबरोबर ही मस्काडे. पांढरी, एकदम ड्राय."

"ड्राय?" नाना खूश झाले. "मग घेईन की. मंजू, ड्राय डेला चालत असेल ना ही?"

"बाबा, ड्राय म्हणजे गोड नसलेली."

"असं होय. म्हणजे गोड बोलता येत नाही तिला. हरकत नाही, घरात सवय आहे."

मी हसत हसत ओपनर शोधायला ड्रॉवर उघडला. नव्हता. दुसरा उघडला. नव्हता. कॉटेजची मालकीण पलीकडेच राहायची. ती म्हणाली, "ओपनर? आता कोण ठेवतं, लव्ह? सगळ्या बाटल्यांना फिरकीची झाकणं आलीत!" कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यानं (इथं डेअरी म्हणजे वाणसामानाचं दुकान) मला डबा उघडायचं यंत्र दाखवलं आणि "स्वीट ॲज!", म्हणजे 'झकास!', म्हणत दुकान बंद केलं. मी एवढा क्लास केला, पण फ्रेंच बाटलीला बूच असतं ही गोष्ट घरातून निघताना माझ्या डोक्यात आली नाही.

मग मी लाकडी चमच्याच्या दांड्यानं बूच आत ढकलायला घेतलं. जोर लावला, आणखी लावला. "अहो, डोळे सांभाळा!" असं कुणीतरी ओरडलं, बूच आत गेलं आणि मस्काडेचं कारंजं माझ्या शर्टावर, भिंतीवर आणि मांजरावर उडालं. मांजर गेलं ते गेलंच. बाटलीत उरली त्यात बुचाचा चुरा तरंगत होता.

चष्मा पुसताना माझ्या लक्षात आलं, की ते ओरडणारे नाना होते. थेट मला. मी चष्माच पुसत राहिलो. न जाणो, मंजिरीमार्फत परत घेतील.

बाकी बाटल्यांनाही बुचंच. उरली एक, स्वयंपाकात घालायला म्हणून घेतलेली स्वस्तातली तांबडी 'वँ द ताब्ल', म्हणजे निव्वळ जेवणाची वाइन. तिला मात्र फिरवून उघडायचं झाकण होतं. मी चोरासारखी उघडली.

नानांनी बाटली दिव्याखाली धरली. "मंजू, गाव कुठलंय हिचं?"

"लिहिलेलं नाही," मीच म्हणालो. "या वाइनवर लिहीत नाहीत."

"द्राक्ष?"

"नाही."

"साल?"

"तेही नाही, नाना."

"जन्मसाल नाही, जन्मगाव नाही. पत्रिका मांडायची कशी हिची?" त्यांनी एकदा बाटलीकडे आणि एकदा माझ्या ओल्या शर्टाकडे पाहिलं. "पाटीलच आहे ही."

मंजिरी इतकी हसली की तिला ठसका लागला. माझा चेहरा पडला होता, खोटं कशाला बोलू.

पण खरं सांगतो, कॉटेजच्या थंडीनं गार झालेली ती पातळ तांबडी त्या तिखट माशाबरोबर झकास लागली. त्या मसाल्यापुढे मस्काडेनं मान टाकली असती. क्लासमधला नियम, माशाबरोबर पांढरीच, मी तिथंच सोडला. नानांनी एक तुकडी संपवली, दुसरी घेतली, घोट घेतला. मग रिकामा ग्लास टेबलावरून सरकवला. मंजिरीकडे नाही, माझ्याकडे.

"अजून थोडी घाला."

मी ओतली. थोडी टेबलावर सांडली.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. वळणं आली, पण डावी-उजवी थेट माझ्या कानात आली आणि एकही मेंढी घाबरली नाही. मंजिरी मागे ढाराढूर झोपली होती. चार वर्षांची दुभाषेगिरी, दमली असणार.

तिथं जाणार असाल तर थंडीतच जा, गर्दी नसते. मसाला न्या. आणि ओपनर न्या हो, माझ्यासाठी तरी न्या! मी घरी पोचल्यावर आधी ओपनर विकत घेतला. नाना ठाण्याला परत जायच्या आदल्या रविवारी, मटणाबरोबर, मी आकरोआहून न उघडताच परत आणलेली कोत द्यु रोन काढली. ओपनर तिरका गेला. बूच हलेना. बाटली गुडघ्यात धरून मी खेचत होतो, घामाघूम, आणि नाना वाटी पुढ्यात घेऊन शांतपणे बघत होते. शेवटी एकदाचं टप्पकन बूच आलं.

नानांनी ग्लास पुढे केला.

"आम्हा गावाच्या लेबलवाल्यांना उघडायला जरा वेळ लागतो, जावईबापू."