‘कोल्हापुरी’ खोडल्यावर

“बाई, कायबी सापडलं न्हाय!” मगदूम सर हसत माझ्या टेबलापाशी आले. काही न सापडल्याचा एवढा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका कॉलेजची लायब्ररियन होते. मगदूम केमिस्ट्रीचे लेक्चरर, कागलचे, घरचं गुऱ्हाळ. उसाचा रस उकळताना रानभेंडीच्या चिकानं मळी कशी वर येते, यावर त्यांना पीएच.डी. करायची होती. आधी कुणी तेच केलेलं निघालं, तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

ते बघायला आमच्याकडे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सचे जाडजूड खंड होते. आत जगभरच्या जर्नलांतल्या लेखांचे सारांश, मागे शब्दांची आणि लेखकांची इंडेक्स. योग्य शब्द सुचला तर लेख हाती, नाहीतर बसा पानं उलटत.

“कुठल्या शब्दाखाली पाहिलंत?”

“कोल्हापुरी जॅगरी. ‘के’ अक्षराखाली.”

“‘कोल्हापुरी’ खोडा.”

मागून त्यांचे गाइड, आमचे केमिस्ट्रीचे हेडसर, कडाडले, “खोडा? मग ऱ्हायलं काय, पेंड? जगात कुणी केलं न्हाय म्हंजे मगदूम पयला! शनवारी सत्कार.” फेटा सांगूनसुद्धा झाला.

मला संतापच आला. गाइड म्हणून मिरवणार हे आणि बुडणार बिचारे मगदूम. मी खंड घेऊन बसले. अशा वेळी गाव सोडायचं, वस्तू आणि क्रिया धरायची. ‘जॅगरी’खाली ढीगभर लेख, कामाचा एकही नाही. ‘उसाचा रस, शुद्धीकरण’ पाहिलं. शेवटी रानभेंडीचं शास्त्रीय नाव काढलं आणि लेख सापडला. हुबेहूब तोच प्रयोग, पंधरा वर्षांपूर्वीचा. जर्नल आमच्याच कपाटात होतं.

शनिवारी सकाळी ते हेडसरांपुढे ठेवलं. ते मन लावून वाचू लागले.

“झकास लिवलंय की! कोण हाय ह्यो?”

मी लेखकाच्या नावावर बोट ठेवलं. सरांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

“मीच की! पर ह्यातलं ‘कोल्हापुरी’ कुणी काढलं?”

मगदूमांचा चेहरा पडला होता. पण पीएच.डी.चा अर्ज अजून गेला नव्हता. त्यांनी पावसाळ्यात गूळ का पाझरतो हा विषय घेतला आणि पीएच.डी. झाले. फेटा मात्र आला होता, तो हेडसरांना बांधला. जगात पहिले तेच निघाले होते.

तेव्हापासून नव्या संशोधकाला मी एवढंच सांगत आले: शोधताना आधी गावाचं नाव खोडा, आणि एकदा गाइडचं नाव घालून बघा.