डास चावला का असं होते

नेरच्या दवाखान्यात मी रक्त काढायचो. कापूस वेचणारी ती बाई सलग तीन आठवडी बाजारांच्या दिवशी तापानं फणफणत आली. सुई निघाली की आमचा बोळा बाजूला सारून पदराच्या गाठीतला, स्वतः वेचलेला कापूस दाबायची.

हातावर काळपट फोड होते. त्या हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेचेच रोगी येत. मी न विचारताच तिच्या तपासणीच्या कागदावर ‘फवारणी’ लिहायचो.

“फवारणी नाही भाऊ, मले डास चावला का असं होते.”

“डास तं साऱ्यायलेच चावते, बाई,” मी हसायचो.

नागपूरला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ती दगावली होती. रक्तातल्या टी-पेशींत विषाणू शिरून त्यांचाच कॅन्सर झाला होता.

“यात डास चावूनही असे फोड येतात. बोलली नाही कधी?” डॉक्टरांनी विचारलं.

त्यांच्या हातातल्या तिन्ही कागदांवर माझंच अक्षर होतं.