आढीतली कालवं

विजयालक्ष्मी सामंत मुळातच तापट. २०२०च्या डिसेंबरात तिच्या रागाला फ्रान्समधलं एक अख्खं गाव सापडलं.

ती देवगडची. मत्स्यशास्त्र शिकायला आयर्लंडला आली आणि स्लायगोजवळच्या एका खाडीत, म्हाताऱ्या डोनलच्या कालवांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, शेतीवर नोकरीला राहिली. ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं, जाळीच्या पिशव्या झटकून उलटायच्या. बोटं बधिर होतात, कंबर कामातून जाते. तीन वर्षं कालव असं जपायचं आणि नाताळाआधी ट्रकमध्ये घालून सँ-मोरीलला पाठवायचं.

हे सँ-मोरील म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं मूठभर घरांचं गाव. पूर्वी तिथं मिठागरं होती. मिठाचा धंदा बसला, तेव्हा गावानं त्याच खाचरांत कालवं सोडली आणि नाव कमावलं. आता डोनलची कालवं थोडे दिवस तिथं डुंबतात आणि सँ-मोरीलची म्हणून पॅरिसात मिरवतात. खस्ता आम्ही काढायच्या आणि बारसं यांनी करायचं, म्हणून विजयालक्ष्मीचं डोकं फिरे.

त्या वर्षी करोनानं फ्रान्समधली हॉटेलं बंद पडली. सँ-मोरीलच्या व्यापाऱ्यानं निम्मा माल सरळ नाकारला. जाणाऱ्या निम्म्यावर तरी आपल्या खाडीचं नाव घाला, म्हणून ती डोनलच्या मागे लागली.

"मग घेणार कोण?" डोनल म्हणाला. "आहे ते ग्रँड चाललंय."

तिनं संतापून घरी फोन लावला. वडील गुरुनाथ आंब्याचे व्यापारी. सगळं ऐकून ते खो खो हसले.

"अगो, आपण दुसरं काय करतो? आंबा कर्नाटकातला, पिकतो आपल्या गवताच्या आढीत, पेटीवर देवगड. त्याच्यावरच तू शिकलीस."

लहानपणी अंगणात रिकामे होणारे आंब्याचे ट्रक तिनं पाहिले होते. कुठून येतात, हे कधी विचारलं नव्हतं. आता तिला हसणाऱ्या बापाची भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी तिनं बिननावाच्या पिशव्या ट्रकमध्ये आदळल्या. म्हाताऱ्या डोनलच्या पोटावर पाय देणं तिला जमेना. बापाला मात्र ती सोडणार नव्हती. मार्चमध्ये आंब्याचा हंगाम तोंडावर आला, तशी तिनं पुन्हा फोन केला.

"बाबा, यंदा पेटीवर खरं गाव लिहा. नाहीतर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."



"मग घेणार कोण गो?" गुरुनाथांनी विचारलं.

डिसेंबरात डोनलनंही हेच विचारलं होतं. तिनं फोन बंद केला.

त्या उन्हाळ्यातही सगळ्या पेट्यांवर देवगडच छापलं गेलं. २०२१ सरलं, विजयालक्ष्मी घरी गेली नाही.