एक पाय गाडीत

परदेशीपुऱ्यातला तो टायरवाला कोणालाच नाही म्हणत नाही. टायरवर थाप मारायची, तोंडातली सौंफ या गालातून त्या गालात सरकवायची आणि म्हणायचं, "चालून जाईल ताईजी, टेन्शन नका घेऊ." टायरचं माप गाडीच्या दाराशी छापलेलं असतं. ते तो वाचत नाही.

माझ्या गाडीला त्याने मापापेक्षा रुंद टायर बसवले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून गाडीला घासायचा.

"नवीन आहे, घासून घासून सेट होईल."

"फुटला तर?"

"क्या ताईजी, आपण बसलोय ना!"

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तिच्या बाळाला घेऊन याच गाडीने घाट उतरणार होती.

"मग बसाच," मी म्हटलं. "मागे बसा, तुमची दोन माणसंही घ्या. बायपासवर जोरात चक्कर मारू."

हसत त्याने एक पाय आत ठेवला. मी गाडी सुरू केली. त्याचं हसू गेलं. पाय त्याने हळूच बाहेर काढला आणि जॅक आणला.

चाक उतरवताना त्याने पहिल्यांदाच विचारलं, "गाडीत कोण कोण बसणार आहे?"