वापर चोवीसशे

अनसिंगच्या सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर पुंजाजी यांचा एकच हट्ट होता: एका वेळच्या औषधाची एक पुडी. तीन दिवसांचं औषध म्हणजे नऊ पुड्या. एकदा कागद पुरेना म्हणून त्यांनी तुळसाबाईला सगळी पावडर एकाच पुडक्यात दिली, तर तिनं ती एका दमात पिऊन टाकली. म्हातारी वाचली, पण पुंजाजींनी त्या दिवशी कानाला खडा लावला.

सरकार पावडर पाठवी, कागद नाही. मात्र डॉक्टर राठोडांच्या नावानं एक इंग्रजी वैद्यकीय मासिक दरमहा न चुकता येई. डॉक्टर त्याला हातही लावत नसत. पुंजाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण कागद मऊ होता, घडी धरून ठेवायचा. मासिकात आणखी काय पाहायचं असतं!

चौऱ्याहत्तर साली वरून तक्ता आला. कोणत्या मासिकाचा प्रभाव किती, हे कुण्या विद्वानाला मोजायचं होतं. रकाना होता, ‘वर्षभरात वापर किती वेळा?’ खाली दमही होता: वापर नसलेलं मासिक बंद होईल.

"तुमीच भरा ते, मी सही करतो," डॉक्टर म्हणाले.

पुंजाजींनी तक्ता पुढ्यात ओढला. मासिक गेलं तर पुड्या गेल्या, आणि पुन्हा एखादी तुळसाबाई. पण खोटं लिहिणारा माणूस नव्हे तो. अंकाचे पन्नास कागद, एका कागदाच्या चार पुड्या, बारा महिने. त्यांनी लिहिलं, ‘चोवीसशे’.

वरची कचेरी थक्क झाली. शहरातली कॉलेजं शे-दोनशेवर अडली होती! डॉक्टरांना अभिनंदनाचं पत्र आलं आणि बक्षीस म्हणून जुन्या मासिकाऐवजी परदेशी, महागडं, गुळगुळीत कागदाचं मासिक सुरू झालं.

त्या कागदाची पहिली पुडी टुणकन उघडली आणि पावडर टेबलभर झाली. वर्षभर पुंजाजी पोरांच्या जुन्या वह्या मागत दारोदार फिरले.

इकडे डॉक्टरांना त्या अभिनंदनाची लाज वाटू लागली. त्यांनी एक अंक उघडला, मग दुसरा. त्यात वाचून हगवणीनं सुकलेल्या दोन लेकरांना त्यांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. लेकरं उठून बसली. साहेबांच्या हाताला गुण आला, असं पुंजाजींना वाटलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

पुढच्या वर्षी पुन्हा तक्ता आला. पुंजाजींनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘शून्य’. डॉक्टरांनी नेहमीसारखी न पाहता सही ठोकली.

दोन महिन्यांनी परदेशी मासिक बंद झालं आणि चोवीसशे वापराचं जुनं मासिक परत आलं. डॉक्टर हातात शेवटचा गुळगुळीत अंक घेऊन कंपाउंडरच्या खिडकीशी आले.

"पुंजाजी, आता कुठं मी वाचून राह्यलो होतो. बंद काहून केलं त्यायनं?"

पुंजाजींनी मऊ पान फाडलं, चौघडी केली आणि मनापासून हळहळून म्हणाले, "वापरच नव्हता ना साहेब त्याचा."