बाबांच्या साखरेचा तक्ता

हिंजवडीतल्या कंपनीत माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढायचं. घरी, कर्वेनगरला, बाबांच्या बाबतीत मी तेच फुकट करत असे.

बाबांना मधुमेह, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. पेपर वाचल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नसे, ते बाबा आता मला बातम्या वाचायला लावून माझ्याच उच्चारांना नावं ठेवत. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. गोळ्या वेळेवर, चालणं नेमाने, तरी साखर ढिम्म हलेना. मग माणूस चोरून खातोय, दुसरं काय? मी कंपनीच्या प्रिंटरवर एक तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला. त्यात एक रकाना होता, ‘चोरून खाल्लं’. साखर वाढलेली दिसली की तिथे ठसठशीत फुली. घरात येईल ती आंबा बर्फी कपाटात कुलूपबंद.

"मी काही खाल्लेलं नाही," बाबा म्हणायचे.

"सगळे आरोपी असंच म्हणतात," असं म्हणून मी कंपनीची बस पकडायला पळायचे.

तिसऱ्या खेपेला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बाबांच्या तोंडात पाहिलं. हिरड्या सुजलेल्या, पू धरलेल्या. दात घासताना रक्त येतं का, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "येतं की. दोन वर्षं झाली. त्यात काय सांगायचं?" डॉक्टरांनी समजावलं, की हिरड्यांचा असा आजार मुरला की साखर आटोक्यात यायला अडचण होते, आणि वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. बाबांच्या तोंडात काय जातं यावर मी अष्टौप्रहर पहारा दिला होता. तोंडात डोकावले मात्र एकदाही नव्हते.

दातांच्या डॉक्टरीणबाईंशी बाबांनी आधी वाद घातला. "दात साफ केले की हलायला लागतात."

"ते आत्ताच हलतायत, काका," बाई म्हणाल्या. "आ करा."

चार खेपांत हिरड्यांच्या आतून साफसफाई झाली. गोळ्या आणि चालणं तेच ठेवलं. तीन महिन्यांनी साखर उतरली. फार नाही, पण ऑपरेशनपुरती.

डोळ्यावरची पट्टी निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. तक्ता काढायचं मी विसरले होते. इतके महिने त्यांना वाटत होतं, तो गोळ्यांच्या वेळांचा कागद आहे. आलेगेलेही तो वाचून जात होते. आता बाबा रकान्याचं नाव वाचून एकेका फुलीवर बोट ठेवत खाली येत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कपाटाचं कुलूप काढून बर्फीचा डबा त्यांच्यापुढे धरला.

"एक घ्या, बाबा. आज चालेल."

"नको," ते म्हणाले. "आता खाल्ली तर तुझा तक्ता खरा ठरेल."